पर्समधला फ्यूज

माझ्या आत्याला कोणी "तू फार विचार करतेस" असं म्हणालं, की आधी तिच्या नाकपुड्या फुलतात आणि मग शब्द येतात.

"बरं! आता नाही करत. बटण कुठंय ते दाखवा, बंद करते."

समोरचा हसतो. आत्या हसत नाही. कारण बटण हा तिचा दुखरा विषय आहे.

आत्या धुलाईच्या दुकानात इस्त्री करते. दुकान म्हणायचं आपलं, आत शिरलं की कारखानाच. पुढे काउंटर, तिथे कपडे घेणारी आणि देणारी एक मुलगी. मधे धुण्याची मशीन्स, आणि त्यांच्या घरघरीत वर्षानुवर्षं उभा असल्यामुळे घरीही ओरडूनच बोलणारा धुलाईदादा. सगळ्यात मागे, जिथल्या खिडकीची काच कायम घामेजलेली असते, तिथे आत्या. एका बाजूला वाफेवर चालणारं मोठं प्रेस-मशीन, दुसऱ्या बाजूला टेबल आणि जड इस्त्री. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे पांढरे कोट, मुलाखतीला घालायचे शर्ट, सगळं तिच्या हातून जातं. दुकानाची किल्लीही तिच्याकडेच. सकाळी उघडायचं तिने, संध्याकाळी बंद करायचं तिने.

पूर्वी बंद करायला तिच्या जोडीला घडीमावशी असायच्या. वयाने आत्यापेक्षा मोठ्या, कपड्यांच्या घड्या घालायच्या, म्हणून हे नाव. थोरले मालक गेले आणि दुकान त्यांच्या मुलाकडे, म्हणजे धाकट्या मालकांकडे आलं. त्यांनी घडी घालायचं मशीन आणलं आणि मावशींना एक पुष्पगुच्छ देऊन घरी बसवलं. पुष्पगुच्छसुद्धा काउंटरवर कोणीतरी विसरलेला होता असं आत्या म्हणते. खरंखोटं तीच जाणे.

तर आता रोज संध्याकाळी काय होतं, ते ऐका.

आत्या इस्त्री बंद करते. प्रेस-मशीन बंद करते. दिवे घालवते, कुलूप लावते, ओढून बघते. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापर्यंत येते, आणि तिथे तिचे पाय थांबतात.

इस्त्री बंद केली ना मी?

केलेली असते. तिला माहीत असतं. पण माहीत असणं वेगळं आणि पटणं वेगळं. छातीत ठोके पडायला लागतात, तळहात ओले होतात. डोळ्यांपुढे चादरींचा ढीग, ढिगाला लागलेली धग, काळा धूर, वरच्या मजल्यावर राहणारं म्हातारं जोडपं. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. आत्याचं मन तर त्या वैऱ्यालाही दोन गोष्टी शिकवेल. ती परत जाते. कुलूप उघडते, बटण बघते, थंड इस्त्रीवर तळवा ठेवते. हुश्श. बाहेर येते. कोपऱ्यावर पोचते.

आणि कुलूप नीट लावलं का?

मग ती काकांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, फोन लावते. हे संभाषण मी त्यांच्या घरी बसून इतक्या वेळा ऐकलंय की मला दोन्ही बाजू पाठ आहेत.

"अहो, मी इस्त्री बंद केली ना?"

"मी घरी आहे."

"ते मला माहितीय. पण केली असेल ना मी?"

"केली असशील."

"असशील? असशील म्हणजे? एवढं दुकान जळून जाईल आणि तुम्ही असशील म्हणत बसा!"

"बरं. केलीस."

"तुम्हाला काय माहीत? तुम्ही घरी आहात!"

काका फोन ठेवतात आणि माझ्याकडे बघून म्हणतात, "सांग, यातलं कुठलं उत्तर बरोबर होतं?"

हसू येतं, मान्य आहे. पण ही बाई घरी येते तेव्हा तिचा चेहरा पिळून काढलेल्या कपड्यासारखा असतो. जेवताना घास हातात राहतो. आणि मग सुरू होतात शहाणी माणसं. माझी आई, म्हणजे तिची वहिनी, म्हणते, "मन रमवा कशात तरी." शेजारीण म्हणते, "सकाळी चालायला जा, सगळं निघून जातं." काकांचा भाऊ म्हणतो, "आमच्या वेळी नव्हतं बाई हे टेन्शन वगैरे." त्याच्या वेळी त्याचं सगळं टेन्शन त्याच्या बायकोने घेतलं होतं, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत असतं आणि कोणी बोलत नाही.

सगळ्यांचा एक लाडका प्रश्नही असतो. आवाज खाली आणून, डोळे बारीक करून विचारायचा. "पण असं... काय झालं होतं? कधी आग बिग लागली होती का?"

"काही झालं नव्हतं!" आत्या कडाडते. "एक रुमालसुद्धा जाळला नाही मी आजवर. काही व्हायलाच पाहिजे का? घाबरायला आता पुरावा आणू?"

लोकांचा हिरमोड होतो. त्यांना गोष्ट हवी असते.

धाकट्या मालकांनी तर कहर केला. ते कुठल्याशा शिबिराला जाऊन आले आणि येताना एक पोस्टर घेऊन आले. उगवता सूर्य, खाली मोठ्या अक्षरांत: 'हसा. श्वास घ्या. तणावाला निरोप द्या.' हे त्यांनी लावलं कुठे? प्रेस-मशीनच्या बरोब्बर वर. त्याच आठवड्यात त्यांनी आत्याचं इस्त्रीचं काम वाढवलं होतं. वाफेने पोस्टरचा कोपरा सुटला, मग दुसरा सुटला, आणि तो सूर्य दिवसभर आत्याच्या डोक्यावर लोंबकळायला लागला.

"श्वास घ्या म्हणे," आत्या म्हणायची. "इथे श्वास घेतला तर नाकात स्टार्च जातो."

जखम मांडीला आणि मलम शेंडीला. पण मांडीला जखम आहे हे तेव्हा आम्हालाही दिसलं नव्हतं, हे कबूल करायला हवं. आम्हीही शेंडीच बघत होतो.

मग आत्यानेच एक उपाय शोधला. प्रेस-मशीनच्या बोर्डावर जुन्या पद्धतीचा एक पांढरा, चिनीमातीचा फ्यूज आहे. खेचला की बाहेर येतो. इस्त्रीची जोडणीही त्याच बोर्डावरून. आत्याने विचार केला, फ्यूजच माझ्याजवळ असला तर आग लागेल कशी? त्या संध्याकाळी तिने फ्यूज खेचला, रुमालात गुंडाळला, पर्समध्ये टाकला आणि घरी आली. कोपऱ्यावर पाय थांबले. तिने पर्समध्ये हात घालून फ्यूज चाचपला आणि पाय पुन्हा चालू लागले. काकांना फोन आला नाही. काका इतके घाबरले की त्यांनीच उलटा फोन केला.

सकाळी दुकान उघडायचं तिनेच, त्यामुळे फ्यूज परत बसवायची तीच. कोणाला पत्ता नाही. पुढे ती बसमध्येही पर्स चाचपायला लागली, स्वयंपाक करताना हात पुसून चाचपायला लागली, झोपताना पर्स उशाशी घ्यायला लागली. हे तिने मला फार नंतर सांगितलं. त्या वेळी ती एवढंच म्हणायची, "आता बरंय."

बरं नव्हतं. एका सकाळी अंघोळ करताना तिला दम लागला, छाती दाबल्यासारखी झाली आणि काका तिला घेऊन दवाखान्यात धावले. हृदय ठणठणीत निघालं. तिथल्या डॉक्टरांनी मनाच्या डॉक्टरबाईंचा पत्ता दिला. आत्या म्हणाली, "मी वेडी नाही." मी म्हटलं, "दात दुखला तर दाताच्या डॉक्टरकडे जातेस ना?" ती म्हणाली, "दात काढून टाकतात. हे काढून टाकतील का?" शेवटी मी सोबत येणार या अटीवर तयार झाली. एका दिवसाची रजा काढली. मालकांनी किल्लीची दुसरी जोड घरून आणली आणि दुसऱ्या शाखेतून एक इस्त्रीवाला मागवला.

डॉक्टरबाई पन्नाशीच्या, टेबलावर थंड झालेला चहा, चष्मा डोक्यावर आणि तो शोधत होत्या.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"आता तुम्हीही विचारणार, काय झालं होतं म्हणून!" आत्या उसळली. "काहीही झालं नव्हतं!"

"मी ते विचारलं नाही. कधीपासून, विचारलं."

आत्या थांबली. हा प्रश्न तिला कोणी विचारलाच नव्हता. "वर्ष झालं असेल," ती म्हणाली. "त्याच्या आधीही मी जरा तशीच होते. पण एवढं नाही. एवढं नव्हतं." बोलता बोलता तिचे डोळे भरले, त्याचा तिला राग आला, रुमाल काढायला तिने पर्स उघडली, रुमाल ओढला.

आणि टेबलावर ठण्णकन फ्यूज पडला.

तिघीही त्याच्याकडे बघत राहिलो.

"हे काय?" डॉक्टरबाई.

"फ्यूज."

"कोणाचा?"

"दुकानातल्या मोठ्या मशीनचा."

"आणि तो इथे का?"

"तो इथे आहे म्हणजे तिथे आग लागणार नाही," आत्या म्हणाली. आणि बोलून झाल्यावर तिच्याच चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजाडलं. "अगं बाई. आज तिथे दुसरा माणूस आलाय ना."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा सापडल्यावर तो डोळ्यांवर घेतला आणि फ्यूज आत्याच्या हातात दिला.

"पाच मिनिटं बसा. दुकान काही पळून जात नाही. मला सांगा, परत जाऊन बघितलंत की बरं वाटतं?"

"वाटतं."

"किती वेळ?"

"कोपऱ्यापर्यंत."

"हं. म्हणजे दारात मांजर आलं, तुम्ही दूध घातलंत. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आलं. आता पिल्लं घेऊन येतंय. हा फ्यूज म्हणजे त्याच्यासाठी घेतलेली नवी वाटी."

"मग काय करू? हाकलू?"

"हाकलून जायचं नाही ते. दूध घालू नका, एवढंच. इस्त्री एकदा बघायची. पण पूर्ण बघायची, डोळे तिथे आणि डोकंही तिथे. मग निघायचं. कोपऱ्यावर धडधडेल. धडधडू द्या. तुमचं शरीर धोक्याची घंटा वाजवतंय. घंटा वाजली म्हणजे आग लागली असं नाही. तुम्ही मागे फिरला नाहीत तर ती वाजून वाजून दमते. पहिले काही दिवस फार त्रास होईल. एकटीला जमलं नाही तर माझ्याकडे या. औषधंही आहेत, वेळ पडली तर देईन. त्यात लाजण्यासारखं काही नाही."

बाहेर आल्यावर आत्या फणफणली. "धडधडू द्या म्हणे! छाती हिची की माझी?" पण जरा पुढे गेल्यावर म्हणाली, "मांजराचं मात्र बरोबर बोलली."

दवाखान्यात बंद करून ठेवलेला फोन तिने चालू केला. तो थांबायलाच तयार नव्हता. सगळे फोन मालकांचे.

दुकानात शिरलो तर स्टुलावर इलेक्ट्रिशियन, खाली चादरींचा डोंगर, बाजूला हातावर हात ठेवून बसलेला तो दुसऱ्या शाखेतला इस्त्रीवाला. हॉटेलवाल्याचा माणूस दोनदा येऊन ओरडून गेला होता.

"काकू, फ्यूज सापडत नाहीये!" धाकटे मालक म्हणाले. "चोरीला गेलाय. मी कॅमेरा तपासायला घेतोय."

आत्याने पर्स उघडली आणि फ्यूज टेबलावर ठेवला. इलेक्ट्रिशियनने फ्यूजकडे बघितलं, आत्याकडे बघितलं, आणि स्टुलावर बसल्या बसल्या हसत सुटला. तेवढ्याने मालकांचं डोकं फिरलं.

"तुम्ही माझं दुकान पर्समध्ये घालून फिरता?"

"आग लागू नये म्हणून..."

"आग? कसली आग? काकू, तुमच्या डोक्यावर परिणाम झालाय. हे मी चांगल्या शब्दांत सांगतोय. किल्ली ठेवा इथे. आधी डोकं दुरुस्त करून या, मग कामाचं बघू."

मला वाटलं आता स्फोट. पण आत्याने किल्ली ठेवली, अॅप्रन काढला, त्याची घडी घातली आणि बाहेर पडली. तिचं हे गप्प बसणं मला त्या सगळ्या ओरडण्यापेक्षा भयंकर वाटलं. निम्मं आयुष्य त्या वाफेत घालवलेली बाई, आणि बाहेर पडताना ती स्वतःच्या कपाळाला हात लावून बघत होती. ताप मोजतात तसा.

मला इतका राग आला होता की मी रस्त्यावरून जाणाऱ्या एका निरपराध सायकलवाल्याला ओरडले.

"घरी नको," आत्या म्हणाली. "घडीमावशीकडे चल."

घडीमावशी तिसऱ्या मजल्यावर, मुलगा-सुनेकडे राहतात. आम्ही गेलो तेव्हा त्या कालच्या वर्तमानपत्रांच्या घड्या घालत होत्या. इतक्या चोख, की वाचणाऱ्याला उलगडायची भीती वाटावी.

"काढलं?" आत्याचा चेहरा बघूनच त्यांनी विचारलं.

"काढलं. डोकं दुरुस्त करून ये म्हणाला."

"कोण, धाकटा? त्याला म्हणावं, आधी तुझं सापडू दे. मग दोन्ही एकदमच टाकू दुरुस्तीला."

आत्या हसली आणि मग रडली. फ्यूज, दवाखाना, कोपरा, सगळं सांगितलं. मावशी ऐकत होत्या. सून चहा घेऊन आली, तिने गॅस बंद केल्याचा आवाज आला होताच. ती कप ठेवता ठेवता म्हणाली, "बरं झालं तुम्ही आलात. जरा यांनाही सांगा. रोज संध्याकाळी मी गॅस बंद केला की या माझ्या मागे येऊन उभ्या राहतात आणि म्हणतात, 'पाहिलं.' मी विचारलेलं नसतं काही! मला आधी वाटलं माझ्यावर विश्वास नाही. दोनदा जुंपली आमची त्यावरून."

मावशी लाजल्या. "अगं, सवय आहे. इतकी वर्षं म्हटलं. तोंडातून जातंच."

आत्याचा कप बशीतच राहिला. ती मावशींकडे बघत होती.

"मी अजून 'बंद' म्हणते," ती म्हणाली. "रोज. मोठ्याने."

"आणि?"

"आणि काय? कोण बोलणार?"

मी विचारलं तेव्हा दोघींनी मिळून सांगितलं. थोरल्या मालकांनी लावलेली पद्धत होती ती. दुकान एकट्याने बंद करायचं नाही. एकीने बटणावर हात ठेवून 'बंद' म्हणायचं. दुसरीने जवळ येऊन, डोळ्यांनी बघून 'पाहिलं' म्हणायचं. इस्त्रीचं बटण, मशीनचं बटण, पाण्याचा मेन, मागचं दार. बंद, पाहिलं. बंद, पाहिलं. मग बाहेर. त्यावर पुन्हा चर्चा नाही.

"आणि तू कोपऱ्यावरून मागे फिरायला लागलीस की मी काय करायचे?" मावशींनी विचारलं.

"हात धरून ओढायचीस. 'पाहिलं म्हटलं ना, चल' म्हणायचीस."

"तेव्हाही फिरायचीस तू. तुझा स्वभावच आहे तो, मी तुला पहिल्यापासून ओळखते. घाबरट आहेस. पण घरी जायचीस."

आत्या उठून उभी राहिली. नाकपुड्या फुलल्या. इतक्या वेळाने त्या फुललेल्या बघून मला जिवात जीव आला.

"म्हणजे बघ," ती म्हणाली, "घाबरट मी आहे, बरोबर. ते माझं मी निस्तरेन, त्या डॉक्टरबाईंना विचारून निस्तरेन. पण दोघींचं काम एकीच्या डोक्यावर टाकलं कोणी? वर्षभर माझं अर्धं वाक्य लटकलंय त्या भिंतीवर, आणि त्याच्या शेजारी हा पोस्टर लावतो! हसा! मी हसू? थांब, मी हसवतेच त्याला."

दुसऱ्या दिवशी दुपारीच आम्ही दुकानात. मालक काउंटरवर, हातात तीच किल्ली. बहुतेक ती कोणाला द्यायची याचाच विचार चालला होता.

"काकू, मी म्हटलं होतं ना, आधी..."

"डोकं दुरुस्त झालं. आता तुमचं दुकान दुरुस्त करायला आलेय. मी कामावर येते, पण एकटी बंद करणार नाही. पूर्वीसारखी दोन माणसं हवीत. एक बोलणार, एक बघणार."

"त्यासाठी कॅमेरा लावलाय ना मी! मला घरी बसून सगळं दिसतं."

"तुम्हाला दिसतं. मला कोण सांगतं? मी 'बंद' म्हटल्यावर तो कॅमेरा 'पाहिलं' म्हणतो का? उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि शेळी घाबरली की तिलाच वेडी ठरवायचं!"

"हे बालिश आहे, काकू."

"बालिश?" आत्याचा आवाज मागच्या मशीनपर्यंत गेला असावा, कारण धुलाईदादा हात पुसत पुढे आला. "तुझ्या शाळेच्या चड्डीला कड काढत होते मी, तेव्हा तू या काउंटरखाली बसून खडू खात होतास. आणि तुझे वडील, एवढे मालक असून, मी रजेवर असले की स्वतः त्या बटणापाशी उभे राहायचे. बालिश होते का ते?"

मालकांचे कान लाल झाले. आत्या त्यांना पहिल्यांदाच 'तू' म्हणाली होती, आणि कोणालाच ते खटकलं नव्हतं. ते धुलाईदादाकडे वळले. "दादा, किल्ली तुम्ही घ्या."

"नको मालक!" धुलाईदादा नेहमीसारखा ओरडला. "मी आधीच घरी जाऊन नळाची स्वप्नं बघतो. मेन बंद केला का, मेन बंद केला का! बायको म्हणते, झोपेत हात गोल गोल फिरवता!"

किल्ली काउंटरवरच्या मुलीकडे वळली. तिने दोन्ही हात पाठीमागे नेले. "मला नको. मला तर असं वाटत राहतं की मी कोणाचा तरी कोट भलत्यालाच दिलाय. अंघोळ करतानासुद्धा."

"तुम्ही सगळेच?" मालक म्हणाले. "कधी बोलला नाहीत."

"बोलणार कुठे?" धुलाईदादा म्हणाला. "पोस्टर होतं ना भिंतीवर!"

बाहेर हॉटेलची गाडी येऊन थांबली. आत कालच्या चादरी तशाच होत्या. दुसऱ्या शाखेतला इस्त्रीवाला आज आलाच नव्हता. मालकांनी किल्ली या हातातून त्या हातात घेतली.

"बरं. आजचा दिवस मी थांबतो बंद करायला. आजचाच. उद्याचं उद्या बघू."

आत्याने अॅप्रन चढवला. कामाला लागण्याआधी हात वर करून तिने तो लोंबकळणारा सूर्य ओढून काढला आणि इस्त्रीच्या टेबलाखाली, जिथे पाणी ठिबकतं तिथे, अंथरला. मालकांनी बघितलं.

संध्याकाळी सगळे गेले. मी आत्याला न्यायला थांबले होते. आत्याने इस्त्रीच्या बटणावर हात ठेवला.

"बंद."

"पाहिलं," मालक म्हणाले, फोनमधून मान वर न करता.

"न बघता बोललात. परत. बंद!"

मालकांनी मान वर केली. "पाहिलं."

"तिथून काय दिसतंय, माझी पाठ? जवळ या."

आले. वाकले. बटणाकडे बघितलं. "पाहिलं."

मशीन. पाण्याचा मेन. मागचं दार. तिसऱ्या 'पाहिलं'पर्यंत त्यांचा आवाज बदलला होता. एखाद्या माणसाला आपण खरंच बघत आहोत हे कळलं की बदलतो तसा. फ्यूज बोर्डावर होता. आत्याने त्याच्याकडे एकदा पाहिलं, बोटं जरा पुढे गेली. मग तिने हात अॅप्रनच्या खिशात कोंबला आणि बोर्डाचं झाकण लावलं.

कुलूप लागलं. तिघंही चालत कोपऱ्यावर आलो. औषधांच्या दुकानाशी आत्याचे पाय मंदावले. मला तिचा श्वास ऐकू येत होता. मी तिचा हात धरणार इतक्यात आमच्या मागून पावलं थांबली.

मालक रस्त्यातच उभे होते. खिशात हात घालून किल्ली चाचपत.

"काकू," ते म्हणाले, "ते मशीनचं बटण... खाली होतं ना? खाली म्हणजेच बंद ना?"

आत्या सावकाश वळली.

"मी... म्हणजे, मी बघितलं. पण खाली होतं की वर, ते आता... एकदा पटकन बघून येतो."

"खबरदार!" आत्या म्हणाली. "एकदा मागे फिरलात की रोज फिराल. तुम्ही 'पाहिलं' म्हणालात, मी ऐकलंय. उभे राहा इथे. धडधडतंय?"

मालकांनी छातीवर हात ठेवला. "हो."

"धडधडू द्या."

"किती वेळ?"

"मला काय माहीत! माझंही चालूच आहे."

औषधांच्या दुकानासमोर दोघं शेजारी शेजारी उभे राहिले, बसची वाट बघत असल्यासारखे. दुकानदाराने विचारलं, काय हवंय. आत्या म्हणाली, काही नको, उभे आहोत. गाड्या जात होत्या. मालकांचा चेहरा पांढरा पडला होता, मग हळूहळू त्यात रंग यायला लागला.

"हे रोज होतं तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"वर्षभर."

"आणि मी..."

"हो. तू." आत्याचा राग अजून गेला नव्हता, आणि तिने तो लपवलाही नाही. "आता फोन काढ. तसाही हातातच असतो. घडीमावशीला लाव आणि स्वतःच्या तोंडाने सांग, उद्यापासून संध्याकाळी या म्हणून. पुष्पगुच्छ आणू नकोस."

त्यांनी फोन लावला. पलीकडून मावशींचा आवाज आम्हाला इथपर्यंत ऐकू आला: "कोण? धाकटा? डोकं सापडलं का रे तुझं?"

आत्या तोवर चालायला लागली होती. मागे न बघता.